दहाची आयपीस छान, चारची धूसर : छोट्या दुर्बिणीतून जास्त पटीत स्पष्ट कसं पाहाल?

नवी दुर्बीण घेतलेल्या वाचकांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. 25 मिलिमीटरची आयपीस लावली तर चंद्र सुरेख दिसतो, दहाची लावली तरी बरा दिसतो, पण चारची लावली की सगळं धूसर होतं. फोकस सापडत नाही, आणि शनी सापडलाच तर डोळ्यासमोरून पळून जाणारा एक फिकट ठिपका दिसतो. मग दुर्बीण बिघडलेली आहे का, आयपीस बदलून घ्यावी का, की भुसावळच्या धुळीत हे असंच चालायचं, अशी शंका येते.

दुर्बीण बिघडलेली असण्याची शक्यता सर्वांत कमी असते. बहुतेक वेळा अडचण तीन ठिकाणी असते : पट गरजेपेक्षा जास्त, हवा अस्थिर, किंवा दुर्बीण नीट जुळवलेली नाही. यातलं नेमकं काय ते घरीच, फुकटात तपासता येतं. नवी आयपीस विकत घेणं ही सर्वांत शेवटची पायरी आहे.

डब्यावरचा आकडा बाजूला ठेवा

दुर्बीण किती पट मोठं दाखवते हे काढणं सोपं आहे. नळीवर लिहिलेल्या नाभीय अंतराला आयपीसवर लिहिलेल्या आकड्याने भागायचं. 700 मिमीच्या दुर्बिणीला 10 ची आयपीस लावली तर 70 पट, 4 ची लावली तर 175 पट. त्यात तीनपटीचा बार्लो, म्हणजे आयपीसच्या आधी बसवायची पट वाढवणारी भिंगाची नळी, घातला की 525. डब्यावर ठळक अक्षरात छापलेले 525 पट येतात ते असे. 900 मिमीच्या नळीवर त्याच हिशोबाने 675 येतात. हिशोब बरोबर आहे, पण त्या पटीला पाहण्याजोगं काहीच दिसत नाही.

किती पट चालेल हे ठरतं पुढच्या भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासावर. मिलिमीटरमधल्या व्यासाची दुप्पट ही वरची हद्द समजा. खालच्या जोड्यांत पहिला आकडा व्यासाचा, दुसरा नाभीय अंतराचा.

- 60/700 : हद्द 120. चारची आयपीस 175 पट देते, म्हणजे बार्लो न लावताच हद्दीबाहेर.
- 70/700 : हद्द 140.
- 76/700 : हद्द 150 च्या आसपास.
- 114/900 : हद्द 228. चारची आयपीस 225 देते. कागदावर हे बसतं, गच्चीवर क्वचितच.
- 130/650 : हद्द 260. चारची आयपीस 162 देते, आणि चांगल्या रात्री ती खरोखर उपयोगी पडते.

याचं कारण थोडक्यात असं. अंशाच्या 3600 व्या भागाला विकला म्हणतात. 70 मिमीच्या भिंगाला सुमारे 1.7 विकलांपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. 140 पटीला तेवढा तपशील डोळ्याला आरामात दिसतो. त्यापुढे पट वाढवली तर नवीन काही दिसत नाही, तीच प्रतिमा ताणली जाते आणि अंधारते. पट दुप्पट केली की उजेड चौथ्या भागावर येतो, हे प्रत्येक आयपीस बदलताना लक्षात असू द्या.

माझं मत विचाराल तर भुसावळच्या गच्चीवरून वर्षातल्या बऱ्याच रात्री व्यासाइतकी ते दीडपट एवढीच पट खरी कामाची. म्हणजे 70 मिमीला 70 ते 105. हद्दीपर्यंत जाऊ देणाऱ्या रात्री येतात, पण त्या ओळखाव्या लागतात.

आधी एवढं तपासा

- पुढचं झाकण. बऱ्याच दुर्बिणींच्या मोठ्या झाकणात मधोमध एक छोटं झाकण असतं. कित्येक जण तेवढंच काढतात आणि महिनोन्‌महिने त्या भोकातून पाहतात. तेव्हा 70 मिमीची दुर्बीण निम्म्यावर येते आणि जास्त पटीत सगळं अंधुक दिसतं. मोठं झाकण पूर्ण काढा.
- मधल्या नळ्या. सोबत आलेली दीडपटीची, चित्र सुलट करणारी नळी आकाशासाठी वापरू नका. आकाशात उलट-सुलट काही नसतं आणि ती नळी प्रतिमा खराब करते. तीनपटीचा बार्लोही तूर्त डब्यात राहू द्या.
- खिडकी. बंद काचेतून तर नाहीच, उघड्या खिडकीतूनही जास्त पटीत पाहू नका. घरातली गरम हवा त्याच वाटेने बाहेर पडत असते.
- आयपीस स्वच्छ आहे का. छोट्या आयपीसचं भिंग मसुराएवढं असतं. पापणीचा एक तेलकट डाग त्यावर अर्धं चित्र झाकतो. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग लेन्सचा कागद किंवा चष्म्याचं स्वच्छ कापड हलक्या हाताने फिरवा. पदर, रुमाल, शर्टाचं टोक नको. आपल्याकडची धूळ खरखरीत असते, ओरखडे पडतात.
- आयपीसला लावायचा काळा सूर्यफिल्टर. जुन्या किंवा स्वस्त संचात तो येतो. तो आजच फोडून टाका. एकवटलेल्या उन्हाने तो तडकतो आणि डोळा कायमचा जातो. सूर्य पाहायचाच असेल तर पुढच्या तोंडावर घट्ट बसणारा प्रमाणित फिल्टर लागतो.

गच्चीची ऊब : भुसावळचा खरा प्रश्न

जास्त पटीत प्रतिमा उकळत्या पाण्याच्या तळाशी पडल्यासारखी हलत असेल, तर दोष हवेचा आहे. आपल्या भागात हा दोष वर्षातले बरेच महिने सतावतो, म्हणून त्यावर जरा थांबतो.

एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या वर जातो. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्र उलटली तरी ऊब सोडत असतो. ती गरम हवा दुर्बिणीच्या अगदी तोंडासमोरून वर चढते. संध्याकाळी सात-आठला गच्चीवर जाऊन 140 पटीत पाहायला गेलात तर काहीही धड दिसणार नाही, दुर्बीण कितीही महागाची असो. उपाय घरातलेच आहेत :

- सिमेंटच्या गच्चीपेक्षा अंगण, शेताची कड, गवत किंवा माती असलेली जागा निवडा. माती लवकर निवते.
- गच्चीच हाताशी असेल तर झोपण्यासाठी जसा पाण्याचा सडा मारता, तसा सूर्य मावळण्याआधीच मारा आणि पाणी सुकू द्या. ओल्या गच्चीवर लगेच दुर्बीण मांडू नका.
- शेजारच्या पत्र्याच्या छपरावरून, एसीच्या बाहेरच्या यंत्रावरून किंवा दीपनगरच्या धुरांड्यांच्या दिशेने जाणारी नजर टाळा. ग्रह त्या बाजूला असेल तर तो वर येईपर्यंत थांबा.
- उन्हाळ्यात पहाटे तीननंतरचा वेळ राखून ठेवा. संध्याकाळपेक्षा तो कितीतरी चांगला.

हिवाळ्यात वेगळं घडतं. दिवसा तीसच्या आसपास, पहाटे दहा-बारा अंश, कधी त्याहूनही खाली. घरातून आणलेली नळी आतून गरम असते आणि तिच्या पोटातच हवा फिरत राहते. म्हणून दुर्बीण पाहण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी बाहेर ठेवा. भिंगाच्या दुर्बिणीला अर्धा तास पुरतो, 114 किंवा 130 मिमीच्या आरशाला पाऊण तास द्या.

आणि एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. तारे लखलखतात, आकाश काचेसारखं स्वच्छ आहे, अशी थंडीतली रात्र ग्रहांसाठी बरेचदा वाईट असते. तारे लुकलुकतात याचा अर्थच वरची हवा धावते आहे. याउलट हलकं धुरकट, वारा पडलेलं, तारे शांत दिसणारं आकाश जास्त पटीला उत्तम. यावल-रावेरकडच्या केळीच्या पट्ट्यात थंडीच्या पहाटे धुकं उतरण्याआधी असा शांत वेळ मिळतो. पावसाळा संपल्यावरच्या ऑक्टोबरमधल्या रात्रीही चांगल्या. डोक्यावरचे तारेसुद्धा लुकलुकत असतील तर सरळ 25 ची आयपीस लावून कृत्तिका पाहा, चार आणि सहाच्या आयपीस खिशातच राहू द्या.

आपल्याला एक देणगी मात्र आहे. भुसावळ सुमारे 21 अक्षांशावर आहे. गुरू मिथुन राशीत असताना तो इथे रात्री जवळजवळ डोक्यावर येतो. लंडनच्या माणसाला तो कधीच एवढा वर मिळत नाही. ग्रह जितका वर, तितकी मधली हवा कमी. म्हणून निदान 40 अंश वर आल्याशिवाय मोठ्या पटीचा हट्ट धरू नका. आणि ग्रहांसाठी गाव सोडून अंधारात जायची गरज नाही. चंद्र, गुरू, शनी रेल्वे स्टेशनच्या दिव्यांतही तितकेच चांगले दिसतात. पालच्या जंगलाकडे किंवा हतनूरच्या बाजूला जायचं ते तेजोमेघ आणि तारकागुच्छांसाठी.

यार्डाजवळ राहत असाल तर मालगाडी जाईपर्यंत डोळा बाजूला घ्या. शंभर पटीच्या वर जमिनीचा तो थरकाप स्पष्ट दिसतो. स्टँडच्या पायांखाली गोणपाटाच्या घड्या ठेवल्या तर थोडा फरक पडतो.

ताऱ्याला विचारा

हवा, नळीतली ऊब की जुळणी, हे एका ताऱ्यावर दोन मिनिटांत कळतं. वर आलेला एक ठळक तारा मधोमध घ्या, 10 ची किंवा 6 ची आयपीस लावा आणि फोकस किंचित बिघडवा. तारा पसरून त्याच्याभोवती एकात एक वर्तुळं दिसतील. आता नीट पाहा :

- वर्तुळं गोल आहेत, पण पाण्यावर तरंग धावावेत तशी थरथरतात : हवा अस्थिर. पट कमी करा किंवा थांबा.
- एका बाजूने शेपटासारखा पिसारा निघून सावकाश हलतो : नळी अजून गरम आहे.
- वर्तुळांचा मध्य एका कडेला सरकलेला दिसतो : जुळणी, म्हणजे कोलिमेशन, बिघडली आहे.
- वर्तुळं तिकोनी दिसतात : भिंग किंवा आरसा चौकटीत जास्त आवळला गेला आहे.

जुळणी बिघडण्याचा त्रास प्रामुख्याने आरशाच्या दुर्बिणींना होतो. कुरिअरच्या गाडीतून आलेली 114 किंवा 130 मिमीची दुर्बीण जुळलेलीच असेल असं धरून चालू नका. फोकसरच्या झाकणाला बरोबर मध्यभागी बारीक भोक पाडा, दिवसा त्यातून आत पाहा. छोट्या आरशात मोठा आरसा पूर्ण आणि मधोमध दिसायला हवा. तसा दिसला की मोठ्या आरशामागचे तीन स्क्रू एकेक करून पाव-पाव फेरा फिरवा आणि छोट्या आरशाची काळी सावली मध्यावर आणा. रात्री हेच ताऱ्यावर पक्कं करायचं. त्यासाठी ध्रुव सोयीचा. आपल्याकडे तो क्षितिजापासून फक्त 21 अंशांवर असतो, पण जागचा हलत नाही, त्यामुळे स्क्रू फिरवताना तो निसटत नाही.

नळी आखूड आणि नाभीय अंतर 1000 असं लिहिलेल्या 114 किंवा 127 मिमीच्या काही दुर्बिणींत फोकसरमध्ये एक जादा भिंग बसवलेलं असतं. त्यांची जुळणी अवघड, आणि शंभर पटीच्या वर त्या फारशा साथ देत नाहीत. अशी दुर्बीण घरात असेल तर कमी पटीत तिचा आनंद घ्या. नव्याने घेणार असाल तर टाळा.

पाहताना : पट पायरीपायरीने वाढवा

1. 25 ची आयपीस लावून ग्रह मधोमध आणा. फाइंडर, म्हणजे नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण, याच वेळी जुळवून घ्या, दिवसा लांबच्या टॉवरवर जुळवला तर उत्तम.
2. स्टँडचे पाय पूर्ण लांबवू नका. खुर्चीवर बसून पाहा. मधल्या तबकाला विटेची किंवा पाण्याच्या कॅनची पिशवी लटकवा, कंप लवकर थांबतो.
3. 10 ची लावा. फोकस चंद्राच्या कडेवर किंवा गुरूच्या एखाद्या उपग्रहावर करा. उपग्रह सर्वांत बारीक ठिपका होतो तो फोकस. चाक मागे-पुढे नेऊन दोन्ही बाजूंनी बिघडवून मग मध्ये थांबा.
4. इथे चित्र धारदार असेल तरच पुढची आयपीस. दहामध्ये जे थरथरतं ते चारमध्ये सुधारणार नाही.
5. पुढची आयपीस लावल्यावर ग्रह उगवतीच्या कडेला ठेवा आणि हात काढून घ्या. त्याला स्वतःहून मध्यातून सरकू द्या. 70 पटीला, 50 अंशांच्या आयपीसमध्ये, तो सुमारे पावणेतीन मिनिटं दिसतो. सोबत आलेल्या चारच्या आयपीसमध्ये जेमतेम पाऊण मिनिट. त्यातली दहा-पंधरा सेकंद कंप थांबण्यात जातात.
6. डोळा लावून निदान पाच मिनिटं बसा. हवा मधूनच एखादं सेकंद स्थिर होते, आणि त्या सेकंदात गुरूचा पट्टा एकदम रेखीव होतो. हे क्षण धीराने बसणाऱ्यालाच मिळतात.

दुर्बिणीची आणि रात्रीची परीक्षा घ्यायची असेल तर जोडताऱ्यांसारखं साधन नाही. पहिली पायरी सप्तर्षीतला वसिष्ठ. अरुंधती नुसत्या डोळ्यांनी दिसते, पण खुद्द वसिष्ठ दुर्बिणीत दोन ताऱ्यांचा निघतो. त्यांच्यात सुमारे 14 विकलांचं अंतर आहे, 40 पटीला ते सुटे व्हायलाच हवेत. दुसरी पायरी पुनर्वसूच्या जोडीतला उत्तरेकडचा तारा, कॅस्टर. अंतर साडेपाच विकलांच्या आसपास, 80 ते 100 पट पुरे. तिसरी, अभिजितच्या शेजारचा एप्सिलॉन लायरी. कमी पटीत तो जोडतारा दिसतो, आणि जास्त पटीत त्यातला प्रत्येक तारा पुन्हा दोन होतो. तिथलं अंतर जेमतेम 2.3 विकला. 70 मिमीने 120-140 पटीला ही चार टोकं सुटी दिसली, तर तुमची दुर्बीण, जुळणी आणि ती रात्र, तिन्ही चांगल्या आहेत. मग त्याच रात्री शनीकडे वळा.

विषुववृत्तीय स्टँड असलेल्यांना एक सूचना. आपल्या कमी अक्षांशावर वजनाचा दांडा स्टँडच्या पायाला अडकू शकतो. ग्रह डोक्यावर येण्याआधीच नळी सर्व बाजूंना फिरवून पाहा, ऐन वेळी धक्का लागला की सगळी मांडणी हलते.

आयपीस घ्यायचीच असेल तर

सोबत येणाऱ्या आयपीसवर एच किंवा एसआर लिहिलेलं असतं. या फार जुन्या, साध्या रचना आहेत. दिसणारा भाग अरुंद, डोळा टेकवायला जागा नाही. एसआर 4 हा बहुतेकांच्या निराशेचा उगम आहे. ती बदलणं योग्य, पण चारच्याच जागी चांगली चारची घेऊ नका.

700 किंवा 900 च्या नळीला 6 मिमीची रुंद दृश्याची आयपीस पुष्कळ. 70/700 ला ती 117 पट देते, 114/900 ला 150. तिच्यासोबत 10 किंवा 12 मिमीची प्लॉसल जातीची घेतली की ग्रहांचं काम भागतं. 130/650 वाल्यांनी चांगला दुप्पट बार्लो आणि 10 ची प्लॉसल असा मार्ग धरला तरी 130 पट मिळतात. 300 किंवा 400 नाभीय अंतराच्या आखूड 70 मिमी दुर्बिणीवर मात्र हा खर्च करू नका. ग्रहाभोवतीची जांभळी कड आयपीस बदलून जात नाही.

घेण्याआधी फोकसरच्या भोकाचा व्यास मोजा. 31.7 मिमी असेल तर बाजारातल्या सर्व प्रमाण आयपीस बसतील. जुन्या काही दुर्बिणींचं भोक 24.5 मिमीचं असतं, त्याला बसणारं चांगलं काही आता सहसा मिळत नाही.

चष्मा असलेल्यांसाठी. फक्त लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर चष्मा काढा आणि फोकस आपल्या डोळ्याला जुळवून घ्या. सिलिंडरचा नंबर असला तरी जास्त पटीत त्याचा त्रास कमी होतो, कारण आयपीसमधून बाहेर पडणारा किरणांचा झोत अर्ध्या-एक मिलिमीटरचाच असतो. त्याच बारीक झोतामुळे वय झालेल्यांना डोळ्यातले तरंगते धागे दिसू लागतात. तो आयपीसचा दोष नव्हे. पट थोडी कमी केली की ते फिकट होतात. असे धागे दुर्बिणीशिवाय दिवसाही अचानक वाढले तर मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

शनीबद्दल वेगळं

2025 च्या मार्चमध्ये पृथ्वी शनीच्या कड्यांच्या पातळीतून गेली, त्यामुळे त्या वर्षात कडी एका बारीक रेघेएवढीच दिसली. त्या काळात दुर्बीण घेतलेल्या अनेकांना वाटलं की आपल्याला कडी दिसतच नाहीत. दुर्बिणीचा त्यात काही दोष नव्हता. आता कडी पुन्हा उघडत जाणार आहेत आणि 2032 च्या सुमारास सर्वांत रुंद दिसतील. 70 मिमीने सत्तर पटीला ती ग्रहापासून सुटी दिसावीत. फोटोतले रंग मात्र कुठल्याच छोट्या दुर्बिणीत दिसत नाहीत.

फसवणूक झाली असं वाटलं तर

धूसर चारची आयपीस ही बहुतेक वेळा दोष म्हणून सिद्ध होत नाही. पण भिंगाला तडा किंवा बुरशी, वाकडी नळी, जाहिरातीपेक्षा कमी व्यास, न लागणारा फोकस हे दोषच आहेत. ई-व्यापारासाठीच्या 2020 च्या नियमांनुसार सदोष किंवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणांची नसलेली वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही.

- डबा उघडताना सलग व्हिडिओ काढा. बिल आणि जाहिरातीच्या पानाचं चित्र जपून ठेवा. पट्टीने भिंगाचा व्यास मोजतानाचा फोटो उपयोगी पडतो.
- परतीच्या मुदतीत पहिली रात्र ढगाळ गेली म्हणून थांबू नका. दिवसा लांबच्या झाडाच्या पानांवर 25 ची आयपीस लावून पाहा, मोठा दोष तिथेच कळतो.
- आधी विक्रेत्याला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करा.
- त्यानेही भागलं नाही तर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे विक्रेता दिल्लीचा असो की बंगळुरूचा, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची.

पैसे घालण्याआधी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून पाहायला मिळालं तर फार बरं. पुण्यात टिळक स्मारक मंदिरातली ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हेच काम करते आहे, मुंबईचं खगोल मंडळ आकाशदर्शनाच्या रात्री भरवतं. दोन्हीकडे भुसावळहून थेट गाड्या आहेत. जाताना आपली धूसर दाखवणारी आयपीस सोबत न्या आणि तिथल्या चांगल्या जुळवलेल्या दुर्बिणीवर लावून पाहा. तिथे ती ठीक दाखवत असेल तर घरी आल्यावर आयपीस सोडून जुळणीकडे वळा.